डाव्या खांद्यावरची चुणी

अहो मामा,

संगीत संस्थेने तुमच्यावर दोन पानं लिहून मागितली आहेत. तुमच्या भाचीने केलेल्या त्या खेळाबरोबर एक पुस्तिका छापायची आहे म्हणे, आणि तिच्यात 'खेळामागचा माणूस' हवा असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. मी नाहीच म्हणणार होते. मग वाटलं, दुसऱ्या कुणी लिहिलं तर तुम्हाला थोर वगैरे करून ठेवतील आणि मग तुमच्याशी बोलणं कठीण होईल. त्यापेक्षा मीच लिहिते. रागावलात तर रागवा. तसेही चौदा आठवडे तुम्ही माझ्याकडे फिरकलेले नाहीत.

एकच अडचण आहे. तुमची फजिती तुमच्याच तोंडावर 'तुम्ही असं केलंत, तुम्ही तसं केलंत' म्हणून वाचत बसले तर ते आरोपपत्र वाटेल. म्हणून इथून पुढे तुम्ही 'मामा' आणि मी 'बाई'. नाहीतरी सगळे आपल्याला तेच म्हणतात. जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही ते तुम्हीच मला सांगितलेलं आहे, तोंडात टाचण्या धरून. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असला तर दोष टाचण्यांचा.

तर मामा पेशाने शिंपी. त्यातही कोटाचे. सभागृहाच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे: कापणीचं एक लांब टेबल, दोन मशिनं, गिऱ्हाइकाला गुडघ्यांच्या वरच दाखवणारा एक आरसा आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले, कापड बेतायच्या कागदी नमुन्यांचे गठ्ठे. माणूस दुकानात शिरला की मामा आधी त्याचे खांदे बघतात, मग तोंड. तोंड विसरतात. "ते हो, उजवा खांदा उतरलेले," ही त्यांची माणसं लक्षात ठेवायची रीत. मामी म्हणतात, "मला बघायला आले तेव्हा तासभर बसले, पण मान वर केली नाही. घरी जाऊन म्हणाले, खांदे सरळ आहेत, हरकत नाही."

सव्वीस वर्षांपूर्वी सभागृहाच्या पडद्याची किनार उसवली आणि मामांना बोलावणं गेलं. कार्यक्रमाला अर्धा तास उरला होता. मामा विंगेत गुडघ्यांवर बसून टाके घालत होते. त्याच वेळी पलीकडे बाई थैमान घालत होत्या, कारण त्यांची पानं उलटणारी मुलगी आलीच नव्हती. पियानो वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. म्हणून डाव्या बाजूला खुर्ची टाकून कुणीतरी बसतं आणि वेळ आली की उठून पुस्तकाचं पान उलटतं. त्या माणसाला नोटेशन वाचता यायला हवं हे उघडच आहे, नाहीतर वेळ आली हे त्याला कळणार कसं?

बाईंनी विंगेत नजर फिरवली. रंगमंचावर चालेल असा काळा शर्ट एकट्या मामांच्या अंगावर होता.

"नोटेशन वाचता येतं ना? चला, बसा."

प्रश्न आणि हुकूम यांच्यामध्ये बाईंनी श्वासापुरतीही जागा ठेवली नव्हती. मामांच्या तोंडात तीन टाचण्या होत्या. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. मामांनी मान हलवली. होकारार्थी हलवली की नकारार्थी, हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही.

मामा रंगमंचावरच्या दिव्यांत जाऊन बसले. समोर पाच-पाच रेघांच्या ओळी, आणि त्यांच्यावर कुणीतरी मोहरी सांडल्यासारखे काळे ठिपके. त्यातलं काही कळेना, तेव्हा मामांनी कळणाऱ्या गोष्टीकडे बघितलं. बाईंच्या अंगातलं काळं जॅकेट तयार घेतलेलं होतं आणि डाव्या मुंढ्यात घट्ट होतं. जिथे बाही खांद्याला जोडतात तिथे. बाई वाजवत होत्या तोवर शिवण गप्प होती. पान संपत आलं तसं बाई किंचित वाकल्या, उरलेली ओळ त्यांनी नजरेनेच गिळून टाकली, डावा खांदा बोटभर वर गेला आणि मुंढ्यापाशी एक तिरकी चुणी पडली. मामा दचकून उठले आणि त्यांनी पान उलटलं. वेळ अचूक होती.

नऊ पानं होती. नऊ चुण्या पडल्या. पडदा पडल्यावर बाई म्हणाल्या, "बारा तारखेला पुढचा कार्यक्रम आहे. हाच शर्ट घालून या." खरं सांगायला हीच वेळ होती. मामांनी टाचण्या खिशात ठेवल्या आणि "बरं" म्हणाले.

वर्षभराने ते जॅकेट विटलं. नवं मामांनीच शिवलं. बाईंच्या अंगाला इतकं चपखल बसलेलं दुसरं वस्त्र झालं नाही, फक्त डावा मुंढा मामांनी अर्ध्या बोटाने आखूड ठेवला. चाळीस वर्षांच्या धंद्यातली ही त्यांची एकुलती एक बेइमानी.

"डावीकडे ओढतंय हो," बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

"घालून घालून सैल होईल, बाई."

ते झालं नाही. दर वर्षी बाई सांगायच्या, "मामा, तेवढा मुंढा सोडून द्या," आणि दर वर्षी मामा म्हणायचे, "हा हंगाम संपला की नक्की." त्यानंतरची तीन जॅकेटंही अशीच झाली. बाईंना वाटायचं, आपलाच खांदा सुजतो.

मामांना आता गल्लीत मान होता. शिंपी खूप असतात, पण रंगमंचावर बसणारा शिंपी एकच. कार्यक्रमाच्या पत्रकात सर्वांत खाली बारीक अक्षरांत 'पानं उलटणारे' म्हणून त्यांचा उल्लेख असायचा. ती सगळी पत्रकं मामांनी कापणीच्या टेबलावरच्या काचेखाली लावून ठेवली होती. गिऱ्हाईक कापड पसरायला लागलं की मामा म्हणायचे, "जरा इकडच्या बाजूला पसरा." मामांना त्या खुर्चीपलीकडे काही नको होतं. आणि ज्या दिवशी खरं कळेल त्या दिवशी ती जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भरीला सभागृहाचा मॅनेजर टपूनच होता. "बाई, आता टॅब आलेत. पायाने पेडल दाबलं की पान पुढे. माणूस कशाला हवा?"

"माझे दोन्ही पाय आधीच पेडलवर आहेत," बाई म्हणाल्या. "तिसरा आला की कळवते."

एवढ्यात भाची आली.

मामांच्या बहिणीची ही मुलगी खेळ बनवते. मैदानावरचे नव्हेत, मोबाइलवरचे. चष्म्याच्या दुकानावर एक खोली, त्यात तीन माणसं, संगणकांचे सात पडदे आणि न उघडणारी एक खिडकी, हे तिचं ऑफिस. संगीत शिकवणाऱ्या आमच्या संस्थेने तिला काम दिलं: नवशिक्यांना नोटेशन वाचायला शिकवेल असा छोटासा खेळ. ती ऑफिसातून उतरली ती थेट मामांच्या दुकानात.

"मामा, मला कशाला तज्ज्ञ शोधायला हवाय? घरात सव्वीस वर्षांचा तज्ज्ञ पडलाय!"

"मी कसला तज्ज्ञ," मामा म्हणाले. आयुष्यात इतकं खरं ते क्वचितच बोलले असतील.

"बघ, मी असं ठरवलंय. पडद्यावर सूर येणार, खेळणाऱ्याने ओळखायचा. हा कुठला, तो कुठला. पहिल्या पायरीला कुठले सूर घेऊ?"

मामांच्या हातातली कात्री थांबली. "सूर ओळखणं हे बालवाडीतलं काम झालं," ते सावकाश म्हणाले. "खरं वाचन म्हणजे पान कधी उलटायचं ते कळणं."

भाचीने टेबलावर जोरात थाप मारली. "मामा! असा खेळ कुणीच केलेला नाही!"

असा खेळाचा जन्म झाला. पडद्यावर एक बाई पियानो वाजवते, वर नोटेशन सरकत राहतं आणि खेळणाऱ्याने पान संपताना बोट दाबायचं. लवकर दाबलं तर बाई चष्म्यावरून बघते. उशीर झाला तर खोकते. तो खोकला मामांनी स्वतः काढून दिला, आणि मामी शेजारच्या खोलीतून धावत आल्या. "बाई आल्यात का घरी? चहा टाकू?"

पडद्यावरच्या बाईचं चित्र तयार झालं तेव्हा मामांना ते बघवेना. "हे जॅकेट आहे की उशीचा अभ्रा? माणूस हात हलवतो तर कापड हलायला नको? खांदा वर गेला की इथे, मुंढ्यापाशी, तिरकी चुणी पडते. अशी." त्यांनी खडूने टेबलावर काढून दाखवली. भाचीने ती चुणी हुबेहूब केली. मामांनी पाच वेळा बदलून घेतली. "आता जॅकेट दिसतंय," ते म्हणाले आणि समाधानाने घरी गेले. आपण सव्वीस वर्षं जपलेलं गुपित आपल्याच हाताने पडद्यावर शिवून आलो आहोत, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

खेळ तपासायला अकरा जण बसवले. त्यांत खालचा चष्मेवाला होता, आणि त्याच्या सासूबाईही होत्या. दोन दिवसांत अकराही जण शेवटच्या पायरीवर. सासूबाई तर एका हाताने विणकाम करत खेळायच्या. भाची हवेत. मग संस्थेच्या शिक्षिका आल्या, त्यांनी पाच रेघांवर एक ठिपका काढून प्रत्येकाला विचारलं, हा कुठला सूर? अकरा जणांना मिळून एक उत्तर आलं नाही. चष्मेवाला कागद लांब धरून म्हणाला, "नंबर वाढलाय बहुतेक माझा."

"अहो, पण तुम्ही शेवटची पायरी पार केलीत ना?" भाची रडकुंडीला आली. "पान कधी संपतं ते कसं कळायचं तुम्हाला?"

"त्यात काय कळायचंय?" सासूबाई म्हणाल्या. "तिच्या खांद्यावर चुणी पडली की दाबायचं. वर बघतंय कोण?"

मामा तिथेच बसले होते. भाचीने त्यांच्याकडे वळून बघितलं, आणि बघतच राहिली.

"मामा, तू कशाकडे बघतोस रे?"

"पानाकडे," मामा म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले की प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं.

आठवड्याभराने मामांच्या मोबाइलवर खेळाची नवी आवृत्ती आली. तिच्यात बाई नव्हतीच. नुसतं पान होतं, आणि उशीर झाला की खोकला. मामांनी भर दुपारी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि पहिली पायरी सुरू केली. खोकला. पुन्हा. खोकला. स्वतःच्याच खोकल्याने मामा अकरा वेळा हरले. बाहेरून मामींनी दार ठोठावलं. "अहो, औषध घ्या ना काहीतरी!"

भाची आली तेव्हा कापणीच्या टेबलावर पांढरं कापड ताणलेलं होतं, त्यावर काळ्या दोऱ्याच्या पाच रेघा, आणि मामा एकेक बटण उचलून रेघेवर ठेवत होते.

"कधीपासून येत नाही तुला?" तिने स्टूल ओढत विचारलं.

"पहिल्यापासून."

"बाईंना माहीत आहे?"

"वेडी आहेस का? कळलं तर खुर्ची जाईल माझी."

"आणि तू माझा खेळ जन्माला घातलास!"

"तू विचारलंस सूर कुठले घेऊ. मी काय सांगणार होतो, दोन छिद्रांचे घे?"

दोघंही इतकी हसली की बटणं जमिनीवर गेली. ती वेचता वेचताच खरा खेळ ठरला. बटण रेघेवर की रेघांच्या मधल्या जागेत, एवढंच आधी. सर्वांत खालची रेघ ई, तिच्या वरची जागा एफ, मग पुन्हा रेघ. पोकळ बटण दोन मात्रा थांबतं, भरीव एक, आणि काडीला हूक असलेलं अर्धीच मात्रा. जिथे मामा अडले तिथे भाचीने नवी पायरी घातली. जिथे दोनदा अडले तिथे दोन. तज्ज्ञाकडून खेळ बिघडला होता तो अडाण्याकडून सुधारला. दहा आठवड्यांनी मामा नोटेशन वाचायला लागले. त्यांच्या मागोमाग सासूबाईही; त्यांनी तर विणकाम बाजूला ठेवलं. संस्थेने खेळ आनंदाने घेतला.

मामांचा जीव भांड्यात पडला. सव्वीस वर्षांची थाप आता थाप राहिली नव्हती. खुर्ची आता हक्काची होती. पुढच्या कार्यक्रमाला ते नवा काळा शर्ट शिवून आले आणि ताठ बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दिसत होतं बाई काय वाजवताहेत ते. खालून वर चढणारे ठिपके, मधेच थांबलेलं पोकळ बटण. हरखून गेले बिचारे. त्यांनी पहिलं पान अगदी शेवटच्या सुराला उलटलं. खेळात त्याला तीन तारे मिळतात.

बाईंना ते पान त्याच्या चार मात्रा आधी हवं होतं. वाजवणाऱ्याचं पान डोळ्यांनी केव्हाच संपलेलं असतं. हात मागून येत असतात. चुणी पडली होती, पण तिच्याकडे बघणारा आज पानात गढला होता. दुसरं पान उशिरा. तिसरं उशिरा. चौथ्याला बाईंनी डावा हात पियानोवरून उचलून स्वतःच पान फाडकन उलटलं, आणि सुरांत असं भोक पडलं की मॅनेजर मागच्या रांगेतून उठून उभा राहिला.

विंगेत बाईंनी जॅकेटची बटणं सोडायच्या आत विचारलं, "काय झालंय तुम्हाला? बरं नाही का?"

मामांनी सगळं सांगून टाकलं. टाचण्या, मान, चुणी, खेळ, बटणं. शेवटी म्हणाले, "आज मी खरंच वाचत होतो, बाई."

"मग कशाला वाचलंत?" बाई कडाडल्या. "तुम्हाला वाचता येत नाही हे मला दुसऱ्याच वर्षी कळलंय."

मामांचं तोंड उघडंच राहिलं. या वेळी त्यात टाचण्या नव्हत्या.

"स्टँडवर मी चुकून भलतंच पुस्तक ठेवलं होतं. वाजवत होते पाठ असलेलं दुसरंच. तुम्ही सगळी पानं डौलात उलटलीत. शेवटी कोरं मलपृष्ठसुद्धा."

"मग मला काढलंत का नाही?"

"तुमच्या आधी चार जण होते, सगळे वाचणारे. चौघंही त्यांच्या वेळेला उलटायचे. त्यातला एक तर माझ्या चुका मोजायचा, ओठ हलवून. मला माझ्या वेळेला उलटणारा हवा होता. आणि काही न कळणारा." बाईंनी मामांकडे चष्म्यावरून बघितलं. "आज काही कळलं का?"

मामा सरळ माणूस. खरं बोलायची सवय त्यांना नुकतीच लागली होती. "तिसऱ्या पानावर एक अख्खी ओळ गाळलीत तुम्ही."

पलीकडे मॅनेजर खुर्च्या उचलायला सांगत होता.

"दर वेळी गाळते," बाई म्हणाल्या. "बोटं पोचत नाहीत आता."

मग मामांनी उरलेलं एक होतं तेही सांगितलं, मुंढ्याचं. बाईंचा संताप काय वर्णावा! "अहो, सव्वीस वर्षं मी शेक घेतेय त्या खांद्याला!" मामांनी निमूटपणे खिशातून खडू काढला आणि बाईंच्या अंगावरच, डाव्या मुंढ्याला, अर्ध्या बोटाची खूण केली. "मंगळवारी येऊन घेऊन जातो. सोडून देतो. आता काय उपयोग आहे त्याचा."

तर मामा, तो मंगळवार आला आणि गेला. त्यानंतर आणखी तेरा गेले. तुमची भाची सांगते, संस्थेतल्या सहा मुलांची पानं तुम्ही उलटता, सगळे 'वाचता येणारे मामा' म्हणतात, आणि पत्रकांना काच पुरत नाही. ती असंही सांगते की बाईंकडे का जात नाही विचारलं तर तुम्ही म्हणता, आता नजर पानावरच जाते, खांद्यावर ठरत नाही. शिकलेलं विसरायचा खेळ तिला अजून करता आलेला नाही.

मॅनेजरने टॅब आणला आहे. सरावात माझा पाय चुकून त्याच्या पेडलवर पडला आणि तीन पानं एकदम गेली. टॅब खोकलाही नाही, मीही नाही. बारा तारखेला कार्यक्रम आहे. डावीकडची खुर्ची मी ठेवायला सांगितली आहे. कुणासाठी, असं मॅनेजरने विचारलं. पर्स ठेवायला, म्हटलं.

तुमचं दुकान माझ्या दारापासून दोनशे पावलांवर आहे; मनात आणलं असतं तर जॅकेट मीही पोचतं करू शकले असते. ते खुंटीलाच आहे. परवा त्याला ब्रश मारला, तेव्हा खडूची खूण तेवढी सोडून मारला.